मुदत संपलेलं डोमेन दुसरीकडे नेता येतं

डोमेनची मुदत संपते, संस्थेची वेबसाइट बंद पडते. फोन केला की जुन्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलं तिच्याकडून, हमखास ऐकायला मिळतं, "आता आधी आमच्याकडे रिन्यू करा, मग हवं तिकडे न्या." बहुतेक जण हे मान्य करून मोकळे होतात. पण डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग या नावांसाठी अशी सक्ती नाही. या नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅनच्या ट्रान्सफर धोरणानुसार पुढच्या वर्षाची फी भरली नाही, एवढ्याच कारणावरून ट्रान्सफर अडवता येत नाही. सरलेल्या काळाचे पैसे थकले असतील, तर मात्र अडवता येतं.

मुदत संपली म्हणजे नाव हातचं गेलं, हाही तितकाच पसरलेला गैरसमज. डॉट कॉमची मुदत संपताच अशा सगळ्या नावांची मूळ नोंद ठेवणारी रजिस्ट्री, म्हणजे व्हेरिसाइन, ते नाव आपोआप एक वर्षाने वाढवते आणि फी रजिस्ट्रारच्या खात्यातून कापते. रजिस्ट्रारने ४५ दिवसांत नाव काढून टाकलं, तर ती फी त्याला परत मिळते. म्हणूनच या काळात आयकॅनच्या लुकअपमध्ये नाव तपासलं, तर रजिस्ट्रीची तारीख पुढच्या वर्षाची दिसते आणि मालक निर्धास्त होतो. त्याने स्टेटसची ओळ वाचायला हवी. तिथे 'ऑटो रिन्यू पीरियड' असेल, तर वाढलेली तारीख तात्पुरती असू शकते.

हे ४५ दिवस तुमच्या हक्काचे मात्र नाहीत. रजिस्ट्रार त्याआधीही नाव काढू शकतो, आणि अनेकांच्या करारात लिलावाचं कलम असतं. नाव एकदा 'रिडेम्प्शन'मध्ये गेलं की पुढचे ३० दिवस ट्रान्सफर होत नाही. जुन्याच रजिस्ट्रारकडून, बरीच जास्त फी भरून, ते सोडवावं लागतं. त्यानंतर ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते नाव कुणालाही घेता येतं.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण फटका इथेच बसतो. ट्रान्सफरच्या फीतच एका वर्षाची वाढ असते आणि ती मूळ मुदतीपासून मोजली जाते. १० मार्च २०२६ ला संपलेलं नाव २५ मार्चला हलवलं, तर नवी मुदत १० मार्च २०२७. वर्ष बुडत नाही. बुडतं ते एका प्रसंगी: मुदत संपल्यावर जुन्याकडे रिन्यू केलं आणि त्याच ४५ दिवसांत ट्रान्सफरही केलं, तर आधीची वाढ रद्द होते. रजिस्ट्री पैसे परत करते ते जुन्या रजिस्ट्रारला. तुम्ही दोनदा पैसे मोजता आणि वर्ष एकच मिळतं. त्यामुळे रिन्यू केलंच असेल, तर मूळ मुदतीनंतरचे ४५ दिवस उलटू द्या. रिन्यू केल्याने ट्रान्सफर अडवणारं ६० दिवसांचं लॉक लागतं, हे खोटं. ते लॉक नव्या नोंदणीनंतर किंवा नुकत्याच झालेल्या ट्रान्सफरनंतर लागतं. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलल्यावरही लागू शकतं.

ट्रान्सफरला ऑथ कोड, म्हणजे त्या डोमेनचा पासवर्डसारखा कोड, लागतो. तो खात्यात दिसत नसेल, तर मागितल्यापासून ५ दिवसांत रजिस्ट्रारने द्यायला हवा. नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर पंचाईत होते: डोमेन बंद, म्हणून मेल बंद, म्हणून कोड पोहोचत नाही. ईमेल बदलावाच लागला, तर लॉक नको असल्याचा पर्याय आहे का, हे बदलण्यापूर्वीच विचारा.

ट्रान्सफर झालं की साइट आपोआप सुरू होईल, असंही नाही. होस्टिंग वेगळं असतं. शिवाय मुदत संपल्यावर जुन्या रजिस्ट्रारने नेमसर्व्हर, म्हणजे नाव कोणत्या साइटकडे जातं ते ठरवणारी नोंद, अनेकदा आपल्या जाहिरातीच्या पानाकडे वळवलेले असतात. ते नव्या खात्यात स्वतः बदलावे लागतात.

आणि पैसे भरतो तो मालक, असं नसतं. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून, हॉटमेलच्या लॉगिनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमची फी राहून गेली आणि हॉटमेल अडखळलं. मायकेल चेनी या अमेरिकी प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. नाव मायक्रोसॉफ्टचंच राहिलं. आपल्याकडे उलटं घडतं. पैसे संस्था देते आणि नोंद वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असते. अशा वेळी ट्रान्सफरचा अधिकार त्याचा. ही नोंद आजच तपासा.

डॉट इन आणि डॉट भारत ही नावं निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येतात. तिथे आयकॅनचं हे धोरण लागू नाही, तेव्हा रजिस्ट्रारकडून नियम लेखी मागवा.

माझं मत स्पष्ट आहे. रोजचं काम त्या नावावर चालत असेल आणि आठवडाभरात कोड हाती आला नाही, तर जुन्याकडेच रिन्यू करा आणि नंतर हलवा. पण केवळ मुदत संपली म्हणून कुणी अडवत असेल, तर कारण लेखी मागा. ट्रान्सफर नाकारल्यास कारण देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, आणि तक्रार आयकॅनकडे ऑनलाइन करता येते.