कुलूप आणि मोहोर

कुलूप आणि मोहोर यांचें काम एकच, असें आपण सहसा समजतों. पण तें तसें नव्हे. कुलूप चोरास अडवितें. लाखेची मोहोर केलेला लखोटा मात्र घरांतलें लहान मूलही फोडूं शकतें; फक्त फोडल्यावर तो पूर्ववत् करणें भल्याभल्यांस साधत नाहीं. मोहोर राखण करीत नाहीं. ती साक्ष देते.

अणुबाँबास लागणाऱ्या द्रव्यांच्या बाबतींत ही साक्ष फार मोलाची ठरली आहे. ८ किलो प्लुटोनियम नाहींसें झालें, तर त्याचा एक बाँब होऊं शकेल, असें धरून हिशेब ठेवावा लागतो. १९५७ सालीं स्थापन झालेली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था देशोदेशीं तपासनीस धाडून हा हिशेब पाहते. प्रत्येक खेपेस सारा सांठा नव्यानें मोजणें शक्य नसल्यामुळें एकदां मोजलेल्या मालावर मोहोर करण्यांत येते.

जुन्या पद्धतीची मोहोर म्हणजे नाण्यासारखी धातूची लहानशी डबी. तिच्या आंतल्या बाजूस वेडेवांकडे ओरखडे काढून त्यांचें छायाचित्र आधींच घेतलेलें असतें. पुढें ती व्हिएन्नास नेऊन त्या छायाचित्राशीं ताडतात. मोहोर फोडली गेली हें तिजवरून कळे. केव्हां फोडली, हें कळत नसे. ही उणीव जर्मनींत तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक मोहोरेनें भरून काढली. तींत काचेचा बारीक तंतु कडीकोयंड्यांतून ओंवून त्याचीं दोन्ही टोकें एका यंत्रांत बसवितात. यंत्र त्या तंतूंतून वरचेवर प्रकाश सोडीत असतें. प्रकाश दुसऱ्या टोकास पोंचला नाहीं, कीं ती वेळ यंत्र टिपून ठेवतें. तंतु पुन्हा जोडला, तर तीही. ही नोंद गुप्त लिपींत असते.

असा चोख साक्षीदार मिळाला, तरी त्याची साक्ष समजणारा कोणी हवा. २००३ सालीं इराकमधील युद्धाच्या धामधुमींत तुवैथा येथील मोहोरबंद कोठार लुटलें गेलें. आसपासच्या गरीब लोकांनीं युरेनियमची पूड ओतून टाकून तीं पिंपें पाणी सांठविण्यासाठीं घरीं नेलीं! त्या बिचाऱ्यांस मोहोरेचा अर्थ ठाऊक नव्हता.

उत्तर कोरियाच्या बाबतींत मात्र तो सर्वांस ठाऊक होता. डिसेंबर २००२ मध्यें त्या देशानें योंगब्योन येथील मोहोरा राजरोस काढून टाकल्या, कॅमेरे निकामी केले व तपासनिसांस घालवून दिलें. जगास हें तत्काळ कळलें. तरीही ९ ऑक्टोबर २००६ रोजीं त्या देशानें पहिला अणुस्फोट केला. मोहोरेनें आपलें काम चोख बजावलें होतें. पुढचें काम माणसांचें होतें, आणि तें त्यांच्यासाठीं कोणतेंही यंत्र करणार नाहीं.