दर सहा महिन्यांनी नवे कशाला?

लिनक्स हे खरे तर संगणकाच्या गाभ्यातील एका प्रोग्रॅमचे, म्हणजे कर्नलचे नाव. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम गोळा करून, ते एकमेकांशी जुळतात का हे पारखून जो संच तयार होतो, तो डिस्ट्रो. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि बाकीचे प्रोग्रॅमही आपापल्या गतीने बदलत राहतात. मग संचाची नवी आवृत्ती काढायची कधी? ‘तयार होईल तेव्हा’ हे डेबियन या डिस्ट्रोचे जुने उत्तर. त्यापायी जुलै २००२ मधल्या ३.० नंतर ३.१ यायला जून २००५ उजाडला. डेबियनच्याच पायावर उभ्या राहिलेल्या उबुंटूने ऑक्टोबर २००४ पासून दर सहा महिन्यांचे वेळापत्रक जाहीर केले आणि ते बहुतेक पाळलेही. तारीख आधी ठाऊक असणे किती मोलाचे, हे त्यातून दिसले. पण दर सहा महिन्यांनी सगळी यंत्रणा बदलणे घरच्या किंवा कचेरीतल्या माणसाला परवडत नाही. म्हणून उबुंटूने २००६ पासून दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या, म्हणजे एलटीएस, आवृत्त्या सुरू केल्या. आज त्या दोन वर्षांनी येतात आणि पाच वर्षे सांभाळल्या जातात. मधल्या आवृत्त्यांना मात्र जेमतेम नऊ महिने मिळतात. डेबियनही २००५ नंतर साधारण दोन वर्षांच्याच चालीवर स्थिरावले. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले प्रकल्प एकाच मुक्कामी यावेत, हा निव्वळ योगायोग नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की दोन वर्षांत संच शिळा होतो, नव्या लॅपटॉपचे वायफाय चालत नाही. त्यासाठी सगळा संच बदलावा लागत नाही. उबुंटूच्या एलटीएसमध्ये नवे कर्नल नंतरही बसवता येते आणि ब्राउझर तर सतत अद्ययावत होत असतो. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पण जुन्या आवृत्तीतील भोक बुजवायला नवी आवृत्तीच लागते असे नाही. तेवढीच दुरुस्ती जुन्या कोडमध्ये आणून बसवतात. उलट, नवेपणाचाही धोका असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. तो डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता. तिसरा आक्षेप, तारखेच्या घाईत कच्चा माल बाहेर पडतो. तो खरा आहे. म्हणूनच उबुंटूने पहिली एलटीएस एप्रिलऐवजी जून २००६ मध्ये काढली. वेळापत्रक पाळावे, पण प्रसंगी ते मोडण्याची मुभाही असावी.

तेव्हा सहामाही आवृत्त्या हव्यातच, पण त्या घडवणाऱ्यांसाठी आणि हौशी पारख्यांसाठी. रोजच्या कामाला दोन वर्षांची चाल पुरेशी आहे. डिस्ट्रो निवडताना ताजी आवृत्ती कोणती हे विचारण्याआधी, ती कोणत्या तारखेपर्यंत सांभाळली जाणार आहे, हे पाहा.