पुरुष-नसबंदी : जाणाऱ्याने काय जाणून जावे

स्मरणिकेत अशा विषयावर लेख घालावा काय, ह्यावर संपादक मंडळाच्या बैठकीत बराच खल झाला. एका वडीलधाऱ्या सभासदांचे म्हणणे असे की, हीरकमहोत्सवाचा अंक घरोघर जावयाचा, लेकीसुना तो चाळावयाच्या. त्यात असले काही नको. त्यावर मंडळातील एका भगिनींनी एवढेच विचारले, "काका, बायकांच्या शस्त्रक्रियेच्या शिबिराची पत्रके आपण अशीच घरोघर वाटली होती ना? तेव्हा कोणाला संकोच वाटला नव्हता." काका हसले आणि विषय मंजूर झाला.

लेखनाचे काम आमच्याकडे आले ते आम्ही डॉक्टर आहोत म्हणून नव्हे. आम्ही स्वतः २००८ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि आपल्या इंदूरच्या मंडळींत ते उघडपणे सांगणारे फार थोडे आहेत, एवढेच काय ते कारण.

प्रथम एक नवलाची गोष्ट. साठ वर्षांपूर्वी, म्हणजे आपला न्यास स्थापन झाला त्या सुमारास, ह्या देशात होणाऱ्या संततिप्रतिबंधक शस्त्रक्रियांपैकी बहुतांश पुरुषांच्या असत. मुंबईस रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ ह्या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांवर ही शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांतील कितीतरी जणांवर ती जबरदस्तीने लादली गेली. 'नसबंदी' ह्या शब्दाला तेव्हापासून जो वास लागला तो अजून गेलेला नाही. त्यानंतर सगळा भार स्त्रियांवर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्यांच्या पतीची झाली आहे अशा शेकडा ०.३ निघाल्या. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा त्यात दुर्बीण घालावी लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढात बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील अनेक जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तो दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर. बाळंतपण अवघड गेले होते, अंगात रक्त उरले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी "आता हिचे ऑपरेशन करून टाकू" म्हटले आणि आम्हीही मान डोलावली. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "अहो, माझ्या अंगात बसायचे त्राण नाही. तुमचे केले तर काय होईल?" खरे सांगावयाचे तर ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, तसे होऊ शकते हे डोक्यातच आले नव्हते. आत्या तर दोन दिवस बोलल्या नाहीत. एक तर घरात मुलगा नाही, आणि वर पुरुषाच्या अंगाला सुरी! आत्यांची समजूत मुलींनीच पुढे काढली, ती गोष्ट निराळी.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे वळू. शुक्रजंतू वृषणात तयार होतात आणि दोन बारीक नळ्यांतून वर जाऊन वीर्यात मिसळतात. ह्या नळ्यांस शुक्रवाहिनी म्हणतात. त्या कापून त्यांची टोके बांधली की वाट बंद होते; बाकी कशासही हात लावावयाचा नसतो. आजकाल बहुतेक ठिकाणी बिनटाक्याची पद्धत आहे. ती १९७४ साली चीनमध्ये ली शुनचियांग ह्या डॉक्टरांनी काढली. तीत सुरी लागतच नाही. वृषणकोशाच्या कातडीला टोकदार चिमट्याने एक लहानसे छिद्र पाडतात, त्यातून एकेक नळी बाहेर ओढून, कापून, बांधून परत आत सोडतात. छिद्र आपोआप मिटते. पूर्ण गुंगी द्यावी लागत नाही. जागेपुरते बधिर करण्याचे इंजेक्शन असते. टेबलावरचा वेळ दहा ते वीस मिनिटे.

दुखते काय? इंजेक्शनाची टोच लागते, आणि नळी ओढताना जांघेत व ओटीपोटात एक विचित्र ओढ जाणवते. ती सांगून ठेवलेली बरी, कारण माणूस तेथेच घाबरतो. आमच्या वेळी डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस क्रिकेटवर बोलत होते. त्याचा आम्हास राग आला, पण नंतर वाटले की ज्या कामात एवढे बोलता येते ते काम लहानच असले पाहिजे.

जाण्यापूर्वी आंघोळ करून, त्या जागेचे केस काढून, सैल स्वच्छ कपड्यांत जावे. मधुमेह, रक्त पातळ करण्याची गोळी, एखाद्या औषधाचे वावडे, अंतर्गळ किंवा अंडवृद्धी, पूर्वीची शस्त्रक्रिया, ह्यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांस अगोदर सांगावे. लाजेने लपवू नये. सोबत कोणीतरी असावे. घरी येताना स्कूटर स्वतः चालवू नये.

पहिले दोन दिवस पडून राहावे, घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी वापरावी, जागा कोरडी ठेवावी, कापडात गुंडाळून बर्फ लावावा. थोडी सूज आणि काळेनिळेपणा येतो. तो पाहून दचकू नये. दोन दिवसांनी बैठे काम करता येते. जड उचलणे आणि सायकल आठवडाभर बंद. आम्ही चौथ्या दिवशी गॅसची टाकी उचलली आणि त्याचे प्रायश्चित्त पुढले तीन दिवस भोगले. ताप आला, सूज वाढत चालली, रक्त थांबेना, पू दिसला किंवा वेदना असह्य झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शंभरांत एकदोघांस आत रक्त साकळते, काहींस जंतुसंसर्ग होतो. थोड्यांना, म्हणजे शंभरांत एकदोघांस, पुढे दीर्घकाळ दुखत राहते, आणि हे कोणी अगोदर सांगत नाही म्हणून आम्ही येथे सांगतो. नंतर गाठीसारखे बारीक काही हाताला लागले तर ते दाखवावे. बहुधा निरुपद्रवी असते.

पुरुषत्वाविषयीच्या भीतीवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. पुरुषी अंतःस्राव वृषणातून थेट रक्तात जातो, त्या नळीतून नव्हे. म्हणून दाढीमिशा, आवाज, ताकद, इच्छा, सर्व होते तसेच राहते. वीर्यही येते; त्यात शुक्रजंतूंचा भाग मुळातच शेकडा दोन ते पाच, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसत नाही. शुक्रजंतू पुढेही तयार होतात आणि शरीर ते आतल्या आत जिरवून टाकते. मेहनतीची कामे करता येत नाहीत हा समज निव्वळ खोटा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्या दिवसापासून काम झाले, असे मुळीच नाही. कापलेल्या जागेच्या पुढे, नळीत आणि वीर्यकोशांत, पूर्वीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते संपावयास सुमारे तीन महिने लागतात. तोवर निरोध किंवा दुसरे साधन वापरलेच पाहिजे. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करावयाची, तीत शुक्रजंतू नाहीत असे दिसले म्हणजे मग निश्चिंत. सरकारी दवाखान्यातील प्रमाणपत्रही त्या तपासणीनंतरच मिळते. अजून शुक्रजंतू दिसले तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावयाचे.

आम्हास हे तोंडी कोणी सांगितले नाही. जेथे शस्त्रक्रिया झाली तेथून निघताना एक छापील चिठ्ठी हाती पडली होती, ती आम्ही खिशात घातली आणि विसरलो. सौभाग्यवतीने कपडे धुण्यास काढताना ती वाचली. तिने वाचली नसती तर काय झाले असते, हे आम्हास एका ओळखीच्या घरावरून ठाऊक आहे. त्या गृहस्थांनीही शस्त्रक्रिया करून घेतली होती; तपासणीस गेलेच नाहीत. पाच महिन्यांनी पत्नीस दिवस राहिले. पुढे त्या घरात काय बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्या बाई माहेरी निघून गेल्या. अखेर एका समजूतदार मेहुण्याने त्या गृहस्थांस हाताला धरून प्रयोगशाळेत नेले. वीर्यात शुक्रजंतू निघाले. बाई परत आल्या, मूलही झाले, परंतु ते दोन महिने कोणी पुसू शकत नाही. ज्या तपासणीस पंधरा मिनिटे लागतात ती त्या गृहस्थांना शरमेची वाटली, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच व्यक्तीने भोगली. म्हणून आमचे सांगणे असे की, शस्त्रक्रियेची तारीख ठरवाल त्याच दिवशी तपासणीची तारीखही भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. तपासणी स्वच्छ आल्यावरही सुमारे दोन हजारांत एखाद्या ठिकाणी नळी पुन्हा जुळू शकते. तसे झाले तर पत्नीकडे बोट दाखविण्याआधी पुन्हा तपासणी करावी.

ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी. नळ्या पुन्हा जोडता येतात हे खरे. परंतु ते काम सूक्ष्मदर्शकाखालचे, खर्चाचे आणि बेभरवशाचे आहे, आणि जितकी वर्षे जास्त तितकी मूल होण्याची आशा कमी. ज्याच्या मनात 'पुढेमागे पाहू' असे असेल त्याने जाऊच नये. मूल अगदी तान्हे असताना, घरात भांडण चालू असताना, किंवा कोणी आग्रह धरला म्हणून तर नाहीच नाही. सरकारी नियमाप्रमाणे पुरुष विवाहित, साठ वर्षांच्या आतला असावा आणि एक तरी मूल वर्षापेक्षा मोठे असावे. वैद्यकीय कारण असल्यास गोष्ट वेगळी. पत्नीची सही कायद्याने लागत नाही. तरीही तिला न सांगता जाणारा मनुष्य आम्हास समजत नाही. गुप्तरोगांपासून मात्र हिने संरक्षण मिळत नाही, तेथे निरोधच हवा.

सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते, आणि करून घेणाऱ्यास काही रक्कमही मिळते. ती राज्याराज्यांत वेगळी असल्याने चौकशी करावी. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असा पुरुष-नसबंदीचा पंधरवडा पाळला जातो, त्या वेळी ह्या पद्धतीत हात बसलेले डॉक्टर गाठणे सोपे जाते. डॉक्टरांस "आपण आजवर अशा किती केल्या?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. कोणास खाजगीत काही विचारावयाचे असल्यास न्यासाच्या दवाखान्यात आमच्याविषयी चौकशी करावी, आम्ही भेटू. सोबत पत्नी आली तर अधिक चांगले, कारण आमच्या घरीही अर्धे प्रश्न तिनेच विचारले होते. शस्त्रक्रियेची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल आणि प्रमाणपत्र हे तिन्ही कागद जपून ठेवावेत. पुढे शस्त्रक्रिया निष्फळ ठरली तर सरकारी नुकसानभरपाई त्यांच्याशिवाय मिळत नाही. आमचे तिन्ही कागद विम्याच्या फाइलीत आहेत, आणि ती फाइल कोठे आहे ते सौभाग्यवतीस ठाऊक आहे.