खाचरांत उभा राहील तो पाय

अवजाराची परीक्षा शेतांतच होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. दुकानांत नांगर कितीहि चकचकीत दिसला तरी फाळ जमिनींत शिरल्यावांचून त्याची किंमत कळत नाहीं. हाच न्याय कृत्रिम हातापायांसहि लावला पाहिजे, असें एका घरगुती प्रसंगावरून आमचें मत झालें आहे. विषय या मासिकाच्या नेहमींच्या विषयांहून वेगळा दिसेल. परंतु यंत्रें जसजशीं शेतांत येत आहेत तसतसा तो प्रत्येकाच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपत आहे.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही भंडारदऱ्याच्या जलाशयाकांठीं मूळ गांवीं राहावयास आलों. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणाचें पाणी प्रवरेवाटे खालच्या मुलखांतील उसास जातें. वर आम्हांकडे पावसाच्या भरंवशावर भाताचीं खाचरें व उतारांवर नागली-वरई. येथील पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास आवणीच्या दिवसांत बांध किती निसरडे होतात हें ठाऊक आहे. अशाच एका आषाढांत चिखलणी करितांना, पॉवर टिलर मागें घेत असतां, आमच्या धाकट्या चुलतबंधूंचा डावा पाय पात्यांत सांपडला. जीव वांचला, परंतु पाय गुडघ्याखालीं काढावा लागला.

कांहीं महिन्यांनीं शहरांतील एका ठिकाणाहून त्यांना कृत्रिम पाय मिळाला. तो दिसावयास सुबक होता, बूट घातला कीं ओळखूंहि येत नसे. सडकेवर ते त्यावर बरे चालत. परंतु बूट चिखलांत रुतून बसे, व बूट काढला तर पाऊल टांचेकडे कलंडे. घोटा ताठ असल्यामुळें बांधाच्या तिरप्या कडेवर तें टेकत नसे. उकिडवें बसतां येईना, पंगतीस मांडी घालतां येईना. बंधू आम्हांस म्हणाले, “दादा, हा पाय बाजाराला जायचा, शेतांत जायचा नाहीं.” दिवाळीपूर्वींच तो पाय माळ्यावर गेला, आणि जमीन बटईनें दिली गेली. दोन पावसाळे त्यांनीं ओटीवर बसून दुसऱ्यांची आवणी पाहिली. ज्याची जमीन आहे पण पाय तींत पडत नाहीं, अशा खातेदाराचें घर हळूहळू कसें खचतें हें आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिलें होतें. आतां तें आपल्याच घरीं दिसूं लागलें.

दोष कारागिराचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पाय वाईट नव्हता. तो दुसऱ्या जीवनासाठीं घडविलेला होता. महाराष्ट्रांत या कामाचें जुनें ठिकाण म्हणजे पुण्याचें लष्करी कृत्रिम अवयव केंद्र. दुसऱ्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठीं तें १९४४ सालीं निघालें. मुंबईस हाजीअलीजवळील केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ ची. त्याच दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठांत ताठ घोट्याचें व मऊ टांचेचें एक पाऊल निघालें व तें जगभर पसरलें. खुर्चीवर बसणाऱ्या, घरांतहि बूट घालणाऱ्या माणसास तें उत्तम. आपला शेतकरी अनवाणी चालतो, जमिनीवर बसतो व चिखलांत उभा राहतो, याचा विचार त्यांत होण्याचें कारण नव्हतें.

तो विचार १९६८ च्या सुमारास जयपूर येथील सवाई मानसिंग रुग्णालयांत झाला. डॉ. प्रमोद करण सेठी हे तेथील अस्थिरोगतज्ज्ञ, व रामचंद्र शर्मा हे शाळेंत फारसें न शिकलेले परंतु हातांत कसब असलेले कारागीर. टायरवर नवें रबर चढविण्याचें काम पाहून शर्मा यांस रबरी पावलाची कल्पना सुचली, अशी हकीगत सांगतात. टांचेंत व चवड्यांत स्पंजासारखें हलकें रबर, घोट्याच्या जागीं लांकडाचा ठोकळा, बळकटीस टायरमधील दोरा, आणि वरून कातडीच्या रंगाचें रबर, असें सर्व साच्यांत घालून भाजलें म्हणजे एकजीव पाऊल तयार होतें. तें वर-खालीं वांकतें व दोन्ही बाजूंस कलतें, म्हणून बांधाच्या तिरप्या कडेवरहि टेकतें. बूट लागत नाहीं. पाण्याचें भय नाहीं. वरची नळी पूर्वीं ॲल्युमिनियमची असे. पुढें ती एचडीपीईची होऊं लागली, म्हणजे ज्या प्लास्टिकचे पाइप आपण विहिरीपासून शेतापर्यंत पसरतों त्याचीच. १९७५ सालीं जयपूरला निघालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनें असे पाय विनामूल्य बसविण्याचें काम हातीं घेतलें. डॉ. सेठी यांस १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

असा पाय एका शिबिरांत मिळतो असें कळल्यावर आम्ही बंधूंस आग्रहानें घेऊन गेलों. या वेळीं मात्र माप देतांनाच आम्हीं कारागिरास सांगितलें कीं, हा पाय खाचरांत उतरावयाचा आहे. घरीं आल्यावर लगेच शेतांत न जातां आठ दिवस अंगणांत, मग कोरड्या बांधावर, मग पाणी सोडलेल्या एका लहान वाफ्यांत, अशी क्रमानें परीक्षा घेतली. पाऊल चिखलांतून निघे. उकिडवें बसणें साधलें. परंतु दोन दोष दिसले. गुडघ्यावरचा चामडी पट्टा भिजून ताणला जाई व चार तासांत पाय सैल होई. दुसरें, घाम व पाणी खोळींत सांचून कातडी सोलवटे. पूर्वीप्रमाणें पाय माळ्यावर न टाकतां आम्ही तो घेऊन परत गेलों. कारागिरानें विणलेल्या नायलॉनचा पट्टा दिला व खोळीची एक कड घासून दिली. दर दोन तासांनीं पाय काढून पुसावा व कोरडा मोजा चढवावा असें सांगितलें. एवढ्यानें काम भागलें. पहिल्या पायाच्या वेळीं हें आम्हांस सुचलें असतें तर निदान पाय कोठें अडतो हें बनविणारास कळलें असतें, आणि कदाचित् दोन पावसाळे वांचले असते.

येथें खोळीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. गुडघ्याखालीं पाय काढलेल्या माणसाचा भार उरलेल्या पायाच्या टोंकावर घ्यावयाचा नसतो. तो मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालील शिरेवर व भोंवतालच्या मांसल भागावर घेतात. पहिल्या कांहीं महिन्यांत उरलेला पाय आकसतो व खोळ सैल होते. आधीं मोजे वाढवावे. तेवढ्यानें न भागल्यास नवी खोळ घ्यावी. “पाय बिघडला” म्हणून जे पाय टाकले जातात, त्यांतील कित्येकांची खोळ तेवढी बदलावयाची असते.

कारखान्यांतहि परीक्षा होतेच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें कृत्रिम पाऊल यंत्रावर ठेवून त्यावर वीस लक्ष वेळां भार देतात. एका पायाचीं दिवसास तीन हजार पावलें धरलीं तर हा हिशेब सुमारें एक वर्ष दहा महिन्यांच्या चालीचा होतो. परीक्षा कडक आहे यांत संशय नाहीं. परंतु यंत्राच्या पायाखालीं निसरडा बांध नसतो व त्याची कातडी सोलवटत नाहीं. तेथून पुढची परीक्षा वापरणाराचीच.

आतां याच विद्येची दुसरी शाखा पुढें येत आहे: धडधाकट माणसानें अंगावर चढवावयाचा बाह्य सांगाडा. म्हाताऱ्या होत चाललेल्या शेतकऱ्यांच्या जपानांत त्याचा खटाटोप विशेष आहे. तोकियोच्या विज्ञान विद्यापीठांतून निघालेल्या एका पोशाखांत दाबलेल्या हवेनें फुगणाऱ्या नळ्या स्नायूंसारखें काम करितात व वांकून उचलतांना कंबरेस आधार देतात. कुबोटा कंपनीनें द्राक्षांसारख्या मांडवाच्या बागांत हात वर धरून काम करणारांसाठीं तसाच एक आधार बाजारांत आणला. कांहीं सांगाडे विजेवर, तर कांहीं केवळ स्प्रिंगांवर चालतात. दिवसभर वांकून आवणी करणाऱ्या माणसास हें वाचून आशा वाटणें साहजिक आहे. परंतु आमच्याकडे आवणी करणाऱ्या बहुतेक स्त्रिया. त्यांच्या अंगावर लुगडें व वर धो धो पाऊस. पुरुषी मापाचे पट्टे त्यांच्या कंबरेस बसतील काय, चिखलांत पाऊल उचलतांना सांगाडा आड येईल काय, हें त्यांच्याच अंगावर पाहिल्यावांचून कोणीहि अशी वस्तु विकत घेऊं नये. एक पूर्ण दिवस आवणी, हीच त्याची कसोटी.

सभासदांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून आटोपतों.

१. टिलर मागें घेतांना पातीं फिरतीं ठेवूं नयेत; मळणीयंत्राच्या तोंडाशीं सैल बाह्यांनीं किंवा पदर मोकळा सोडून उभें राहूं नये. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळें १९८३ सालीं केंद्राला स्वतंत्र कायदा करावा लागला, हें लक्षांत ठेवावें.

२. अपघात झाल्यास कागद सांभाळावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत एक अवयव निकामी झाल्यास १ लक्ष व दोन अवयव गेल्यास किंवा मृत्यु आल्यास २ लक्ष रुपये मिळतात. सातबारा, वयाचा पुरावा व पोलिसांचा अहवाल जोडून अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत करावा. दुःखाच्या भरांत मुदत निघून जाते, म्हणून हें काम शेजाऱ्यानें अंगावर घ्यावें.

३. पाय काढल्यावर गुडघ्याखालीं उशी ठेवून निजूं नये. गुडघा वांकडा आखडला तर पुढें कृत्रिम पाय नीट बसत नाहीं. उरलेला पाय रोज धुवून कोरडा करावा.

४. माप देतांना आपला धंदा, जमीन व बसण्याची रीत बनविणारास सांगावी, आणि एक हंगाम वापरून काय अडलें तें परत जाऊन सांगावें.

गेल्या खरिपांत बंधूंनीं आपली दीड खाचर इंद्रायणी स्वतः लावली. उरलेली गड्यांकडून लावून घेतली. बटई संपली. ई-पीक पाहणीसाठीं शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें लागतें. आम्हीं म्हटलें, मुलास पाठवा. त्यांनीं ऐकलें नाहीं. मोबाईल घेऊन ते शेवटच्या खाचरापर्यंत आपल्या पायांनीं गेले. पीकपाहणीचे हजारों कागद आमच्या हाताखालून गेले आहेत. परंतु नोंद झाल्याचा आनंद आम्हांस त्याच दिवशीं प्रथम झाला.