बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह रेडिओ

बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह रेडिओ हा निर्वात नलिकांचा, म्हणजेच व्हॉल्व्हचा वापर करणारा आणि घरगुती विजेची गरज नसलेला रेडिओसंच होय. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत व प्रवासात असे संच वापरले जात. १९५४ मध्ये अमेरिकेत रिजन्सी टीआर-१ हा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. त्यानंतरच्या दशकात व्हॉल्व्हचे संच मागे पडले आणि कालांतराने त्यांच्या बॅटऱ्यांचे उत्पादनही थांबले. त्यामुळे सुस्थितीतील अनेक संच केवळ विद्युतपुरवठ्याअभावी मुके झाले आहेत.

रचना

या संचाला दोन वेगळे विद्युतदाब लागतात. व्हॉल्व्हमधील तंतू तापवण्यासाठी कमी दाबाची ‘ए’ बॅटरी असते, तर धनाग्रासाठी ४५ ते ९० व्होल्टची ‘बी’ बॅटरी असते. जुन्या संचांत जालकाला ऋण दाब देणारी तिसरी, ‘सी’ बॅटरीही आढळते.

१९४० च्या सुमारास प्रचारात आलेल्या लहान व्हॉल्व्हपैकी १आर५, १टी४, १एस५ व ३एस४ हा चौघांचा संच प्रसिद्ध आहे. युरोपात हेच व्हॉल्व्ह डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ व डीएल९२ या नावांनी ओळखले जातात. १.४ व्होल्टवर समांतर जोडणीत त्यांचे तंतू मिळून सुमारे २५० मिलिअँपिअर प्रवाह घेतात. ‘बी’ बॅटरीवरील भार मात्र साधारण १० मिलिअँपिअर एवढाच असतो.

पर्यायी पुरवठा

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकसरीत जोडून ९० व्होल्ट मिळवणे आणि तंतूंसाठी १.५ व्होल्टचा मोठा सेल वापरणे. या पुरवठ्यात गुणगुण नसते. मात्र बॅटऱ्या वेळोवेळी बदलाव्या लागतात.

दुसरा उपाय दाब वाढवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक परिवर्तकाचा आहे. त्याच्या जलद उघडझापीमुळे मध्यम लहरींवर खरखर ऐकू येते. म्हणून तो पत्र्याच्या बंद डबीत ठेवून त्याच्या वाटेवर चोक व कपॅसिटरची गाळणी बसवतात.

घरगुती विजेवरून पुरवठा घ्यायचा असल्यास विलग वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आवश्यक असतो. या व्हॉल्व्हमध्ये तंतू हाच ऋणाग्र असल्यामुळे तंतूंचा पुरवठाही पूर्णपणे सपाट एकदिश असावा लागतो. अन्यथा गुणगुण ऐकू येते.

अनेक संचांत ‘ए’ व ‘बी’ यांची ऋण टोके थेट जोडलेली नसतात. त्यांच्यामधील रोधकावर शेवटच्या व्हॉल्व्हच्या जालकाचा ऋण दाब तयार होतो. नव्या पुरवठ्यात ही टोके एकत्र केल्यास तो दाब नाहीसा होऊन व्हॉल्व्हवर अतिरिक्त भार पडतो.

दुरुस्ती आणि दक्षता

पुरवठा जोडण्यापूर्वी जुने कागदी कपॅसिटर तपासले जातात. शेवटच्या व्हॉल्व्हच्या जालकाकडे जाणारा कपॅसिटर गळका झाल्यास तेथे धन दाब पोहोचतो व व्हॉल्व्हचे आयुष्य घटते, म्हणून तो बहुधा बदलतात.

सर्वांत मोठा धोका चुकीच्या जोडणीचा असतो. ९० व्होल्टचा दाब तंतूंवर गेल्यास चारही व्हॉल्व्ह क्षणार्धात जळतात. म्हणून प्रथम व्हॉल्व्ह काढून रिकाम्या खोबणीत तंतूंच्या टोकांवरील दाब मोजतात आणि पहिल्या चाचणीत ‘बी’ पुरवठ्याच्या मार्गात सुमारे १,००० ओहमचा रोधक घालतात. ९० व्होल्टचा धक्का माणसालाही इजा करू शकतो.

जतन

मूळ वायरिंग न कापता, पुन्हा काढता येईल अशी जोडणी करणे हे जतनाच्या दृष्टीने योग्य मानले जाते. काही संग्राहक जुन्या बॅटरीचे कागदी खोके जपून त्यातच नवे सेल बसवतात. त्यामुळे संच बोलू लागतो आणि त्याचे मूळ रूपही अबाधित राहते.