सीडी रायटर घेताय? 52एक्सच्या नादी लागू नका

घरात जुने फोटो, लग्नाच्या सीडी, गाण्यांचा साठा आहे आणि नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नाही, अशी बऱ्याच जणांची गत आहे. त्यांच्यासाठी थोडं.

आधी वेगाचं. सीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी. खोक्यावर 52एक्स लिहिलेलं असलं, तरी तो वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. लिहिणं आतून सुरू होतं आणि तिथे वेग निम्म्याहून कमीच असतो. यूएसबीवरचे चपटे ड्राइव्ह 24एक्सचे असतात. 700 एमबीच्या सीडीला फरक पडतो तो दोनेक मिनिटांचा. तेवढ्यात चहासुद्धा होत नाही!

नुसता सीडी रायटर शोधत बसू नका, डीव्हीडी रायटर सीडीही लिहितो. टॉवर कॅबिनेट असेल आणि त्यात जागा असेल, तर आतला साटा ड्राइव्हच घ्या. त्याला वीज थेट एसएमपीएसमधून मिळते. लॅपटॉपवाल्यांनी बाहेरचा घ्यावा, पण तो हबला न लावता थेट पोर्टला लावावा. वीज कमी पडली की लिहिणं मधेच अडकतं आणि डिस्क वाया जाते.

आणखी एक: कोरी डिस्क चांगल्या कंपनीची घ्या, मध्यम वेगाने लिहा आणि शेवटी ‘व्हेरिफाय’ पूर्ण झाल्याशिवाय मूळ फाइल डिलीट करू नका.