घरातला ध्वनिसंग्रह, लेखांक 6 : तबकडीतून संगणकात

जुन्या मराठी घरातल्या रेकॉर्डच्या पेटीत बहुधा दोन जातींच्या तबकड्या एकत्र असतात. जड, ठिसूळ, मिनिटाला 78 फेरे घेणारी लाखेची तबकडी ही एक आणि हलकी, किंचित वाकणारी विनाइलची एलपी किंवा ईपी ही दुसरी. मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, जी. एन. जोशी यांचे बरेचसे गाणे मुळात पहिल्या प्रकारावर निघाले. कोलंबिया कंपनीने 1948 साली अमेरिकेत एलपी आणली, तरी भारतात लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षे निघत होत्या. डिजिटल नक्कल करण्याआधी ही वर्गवारी करून घ्यावी लागते, कारण सफाई, सुई, वेग आणि ध्वनीची दुरुस्ती या चारही गोष्टी दोन्ही जातींना वेगळ्या आहेत.

सफाईत घाई केली तर नुकसान कायमचे होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला लावायचे लाखेचे पॉलिश त्यामुळेच तयार होऊ शकते. म्हणून 78च्या तबकडीला स्पिरिट, कोलोन किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावायचे नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रवसाबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडे पुसणे एवढे पुरते. तडा गेलेली तबकडी भिजवूच नये. विनाइल जास्त सोसते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात एलपीवर पांढरी बुरशी धरते, ती ओल्या ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, फिरवून काढावी. आडवे घासले की खाचेच्या कडा दुखावतात. मधले कागदी लेबल कोरडे राहिले पाहिजे आणि नळाचे पाणी टाळले पाहिजे, कारण त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत बसतात आणि सुईखाली खरखरतात. तबकडी पूर्ण वाळेपर्यंत वाजवू नये.

सगळ्या कामाचा कस लागतो तो सुईवर. संगणकात पुढे कितीही दुरुस्ती केली तरी सुईने जे उचललेच नाही ते परत मिळत नाही, ही गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात आणि सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवतात. एलपीची खाच अरुंद असते. तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे 18 ते 25 मायक्रॉन असते. 78च्या खाचेला याच्या तिप्पट, म्हणजे 70 मायक्रॉनच्या आसपासचे टोक लागते. एलपीची सुई 78च्या खाचेत घातली तर ती भिंतींना न टेकता तळाशी घरंगळत राहते, आणि गाण्यापेक्षा तळातल्या कचऱ्याचाच आवाज जास्त येतो. उलट 78ची सुई एलपीवर ठेवली तर एलपी खराब होते. बऱ्याच कार्ट्रिजवर सुईचा भाग काढून दुसरा बसवता येतो, त्यामुळे दोन सुया ठेवणे फार महाग पडत नाही.

78च्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकत असे, आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची ती काटकसरीने चारचार वेळा वापरली जाई. परिणामी खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टा घासून गेलेला असतो. थोडे जाड किंवा थोडे बारीक टोक वापरले तर सुई त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली, न झिजलेल्या भागावर टेकते, आणि फाटका वाटणारा आवाज एकाएकी भरीव होतो. ध्वनिसंग्रहालयांत तीच तबकडी तीन-चार मापांच्या सुयांनी ऐकून मगच कोणती लावायची ते ठरवतात. घरी तेवढे शक्य नसले तरी दोन मापे करून पाहायला हरकत नाही.

सुईचा भार कार्ट्रिजसोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावा. एलपीला साधारण दीड ते अडीच ग्रॅम, 78ला तीन ते पाच. भार फार कमी ठेवला तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी उसळते आणि खाचेला जास्त ओरबाडते. पेटीवजा स्वस्त यूएसबी टर्नटेबलवर बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि भार पाच-सहा ग्रॅमच्या घरात जातो. हौसेखातर एखादे गाणे ऐकायला ते ठीक, पण ज्या एलपीची दुसरी प्रत मिळणार नाही तिच्यासाठी ते वापरू नये.

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येणारा विद्युत्संदेश अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कापतानाच खर्जाचा भाग दाबून आणि तार भाग उचलून भरलेला असतो, नाहीतर खर्जाच्या रुंद खाचांनी जागा संपली असती आणि वरचे स्वर खरखरीत बुडाले असते. वाजवताना हे उलटे करावे लागते. आरआयएए नावाचे हे प्रमाण 1954 पासून रूढ झाले. संदेश वाढवणे आणि हे उलटे करणे ही दोन्ही कामे फोनो प्रीअँप करतो. हल्लीच्या अनेक टर्नटेबलांत तो आतच असतो आणि मागे 'फोनो' आणि 'लाइन' असे बटण असते. आतला प्रीअँप चालू असताना तार पुन्हा बाहेरच्या प्रीअँपला जोडली तर आवाज फाटतो आणि खर्ज धबधबतो. ही चूक सर्रास दिसते. सतत गुणगुण ऐकू आली तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला लावली आहे का ते पाहावे. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला की पुष्कळदा उरलेली गुणगुणही जाते.

1954 पूर्वीच्या 78ना आरआयएए लागू पडत नाही. त्या काळी प्रत्येक कंपनीचे माप निराळे होते. एचएमव्हीच्या विद्युत-ध्वनिमुद्रित तबकड्यांत सुमारे 250 ते 300 हर्ट्झच्या खालचा भाग दाबलेला असे, वरचा मुद्दाम उचललेला नसे. आरआयएएतून काढलेली अशी तबकडी जाड आणि कोंदटलेली ऐकू येते. 1925 च्या आधीचे, म्हणजे भोंग्यात गाऊन केलेले ध्वनिमुद्रण तर कोणत्याच मापात बसत नाही. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आरआयएए उलटवून हवे ते माप लावता येते.

वेगाचे त्रांगडे गाणाऱ्यांच्या विशेष लक्षात येते. 78 हा आकडा पुढे ठरला; सुरुवातीच्या तबकड्या 70 पासून 80च्या वरपर्यंत कोणत्याही वेगाने कापलेल्या असत. 74ची तबकडी 78ने वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकचा गायक पांढरी दोनमधून गातो आणि ताना उगाच चपळ वाटतात. साथीला पेटी असेल तर तिच्या पट्टीवरून अंदाज घेता येतो, पण जुन्या पेट्या आजच्या प्रमाणाला जुळलेल्या असतीलच असे नाही. टर्नटेबलचा वेग तपासायला रेघांची गोल चकती मिळते. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर 78साठी तिच्यावर 77 रेघा असतात आणि त्या स्थिर दिसल्या की वेग 77.92 भरतो. साधा पिवळा दिवा किंवा जुनी ट्यूब लावावी; बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा पुसट दिसतात. टर्नटेबलला 78 नसेलच, तर 45ने वाजवून संगणकात वेग वाढवता येतो. मात्र आरआयएएची क्रिया चुकीच्या पट्टीवर झालेली असते, म्हणून ती आधी उलटवून मगच वेग वाढवावा.

ध्वनिमुद्रण 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर करावे. तासाभराला जवळजवळ 2 जीबी जागा लागते. एफएलएसी फाइल केली तर गुणवत्ता न गमावता बरीच वाचते. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाज शून्याच्या 6 ते 12 डेसिबल खाली राहील. 78 मोनो असली तरी दोन्ही वाहिन्या घ्याव्यात. खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असली तर नंतर तेवढीच निवडता येते.

ही मूळ फाइल तशीच जपून ठेवावी आणि साफसफाई तिच्या प्रतीवर करावी. टिकटिक काढणारे साधन हात राखून वापरावे. तबल्याच्या किनारीवरचा 'ता' आणि झांजेचा ठोका सॉफ्टवेअरला ओरखड्यासारखाच दिसतो. जोर वाढवला की ठेका बोथट होतो. सळसळ कमी करणारे साधन तानपुऱ्याची आस खाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी सळसळ राहिलेली बरी. शेवट कापतानाही सबुरी हवी. 1902 साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात सुरू केलेल्या ध्वनिमुद्रणांत गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तिथल्या कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून ही घोषणा असे. गाणे संपले म्हणून तिथे कात्री लावली तर पुरावाच जातो.

फाइलच्या नावात गायक आणि गाणे याखेरीज लेबलवरचा क्रमांक लिहावा. एचएमव्हीच्या 78वर तो अनेकदा 'एन'ने सुरू होतो, एलपीवर 'ईसीएलपी' हा मोनोचा आणि 'ईसीएसडी' हा स्टिरिओचा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही टिपावा. एकाच गाण्याची दोन वेगळी ध्वनिमुद्रणे असली तर त्यावरून ओळखता येतात. दोन्ही लेबलांचे फोटो फाइलसोबत ठेवावेत.

स्वतःच्या तबकडीची स्वतःपुरती नक्कल आणि ती जाहीरपणे वाटणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. 1960 साली निघालेली तबकडी 1 जानेवारी 2021 ला मोकळी झाली. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. ध्वनिमुद्रण जुने झाले तरी शब्दांवरचा हक्क कवीच्या वारसांकडे शिल्लक असू शकतो.